क्लाउड गेमिंग घेताय? आधी ‘पर्यंत’ हा शब्द शोधा

क्लाउड गेमिंगमध्ये गेम कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, तुमच्या फोनवर फक्त त्याचा व्हिडिओ येतो. म्हणून जाहिरातीत ‘४के, ६० एफपीएस’ दिसलं की मी आधी बारीक अक्षरांतला ‘पर्यंत’ शोधतो.

गूगल स्टेडियाचं उदाहरण बघा. नोव्हेंबर २०१९ मध्ये ही सेवा परदेशात ४केचा गाजावाजा करत सुरू झाली. पण ‘डेस्टिनी २’ सर्व्हरवर १०८०पीमध्येच तयार होऊन मग ताणून मोठा केला जात होता. जानेवारी २०२३ मध्ये सेवाच बंद झाली. गूगलने गेम्सचे पैसे परत दिले, प्रो सबस्क्रिप्शनचे नाही.

पैसे भरण्याआधी मी हे तपासतो:

• मला हवा तोच गेम किती रिझोल्यूशनला चालतो? ट्रेलर नको, खेळणाऱ्यांनी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ बघा.
• डेटा किती लागेल? स्टेडियाने ४केसाठी ३५ एमबीपीएस सांगितलं होतं. त्या वेगाने २ जीबी जेमतेम आठ मिनिटांत संपतात.
• सेवा बंद पडली तर विकत घेतलेल्या गेम्सचं काय? अटी वाचा.

फ्री ट्रायल असेल तर रात्री नऊला घ्या, सगळी बिल्डिंग नेटवर असते तेव्हा. ऑटो-पे लगेच बंद करा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर तक्रार करताना तो उपयोगी पडेल.