अतिमानवी भूमिका, चित्रपटांतील

अतिमानवी भूमिका, चित्रपटांतील : मानवी सामर्थ्याच्या सामान्य मर्यादा ओलांडणारे नायक आणि त्यांच्या तोडीचे प्रतिनायक यांच्या चित्रपटांतील भूमिका. अमेरिकेत अशी पात्रे मुख्यतः चित्रकथांतून, म्हणजे कॉमिक्समधून, पडद्यावर आली. महाराष्ट्रात त्यांचा उगम पुराणकथांत असून चित्रकथांतील महाबली नायक येथे नंतर अवतरले. मात्र दोन्हीकडे नटापुढील अडचण एकच आहे. पात्राचे रूप, वेश, शस्त्र आणि उभे राहण्याची ढब प्रेक्षकाने आधीच चित्रांत पाहिलेली असते. नटाला नवे पात्र घडवावयाचे नसते. ओळखीच्या चित्रात प्राण भरावयाचा असतो. त्यामुळे भूमिका वठली की नट मागे पडतो आणि लोकांच्या मनात चित्रच उरते. या भूमिकांच्या इतिहासात नटाच्या वाट्याला काय आले, हा म्हणूनच महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात देव-दानवांची सोंगे आणण्याची परंपरा जुनी आहे. कोकणातील दशावतार, उत्सवाच्या अखेरीस होणारी लळिते, पैठणच्या एकनाथांनी समृद्ध केलेली भारुडे आणि गावोगाव फिरणारे बहुरूपी ही तिची प्रमुख अंगे होत. मराठवाड्यात बहुरूप्यास रायरंद असेही म्हणतात. नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत लोककलावंत आजही मोठ्या संख्येने एकत्र येतात. नांदेड-लातूर भागातील प्रेक्षक चित्रपटाकडे वळला, तो सोंगांची ही जाण घेऊनच. बहुरूप्याचा विशेष असा, की सकाळी ज्याने मारुतीचे सोंग आणले, तोच दुसऱ्या दिवशी रावण होऊन येई आणि रंग उतरवून पारावर बसलेलाही गावास दिसे. देव आणि माणूस एकाच देहात पाहण्याची सवय प्रेक्षकास होती. सोंगास नमस्कार करतानाही तो सोंगाड्यास नावाने ओळखत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या परंपरेत छापील चित्रांची भर पडली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिलामुद्रणाचा छापखाना सुरू केला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविला. तेथून निघालेली देवदेवतांची रंगीत चित्रे घराघरांत पोहोचली. पूर्वी प्रांतापरत्वे निराळी असलेली देवतांची रूपे या चित्रांमुळे बरीचशी एकसारखी झाली. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी याच छापखान्यात काही काळ काम केले होते, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे.

मूकपटांचा काळ : फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ या चित्रपटगृहात सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी प्रदर्शित झाला. त्यात दत्तात्रय दामोदर दबके हे हरिश्चंद्र, तर अण्णा साळुंके हे तारामती झाले होते. स्त्रिया चित्रपटात काम करण्यास तयार नव्हत्या, म्हणून फाळके यांनी एका उपाहारगृहात स्वयंपाक्याचे काम करणाऱ्या साळुंके यांची निवड केली. लंकादहन (१९१७) या चित्रपटात तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पादत्राणे काढून ठेवीत, असे सांगितले जाते. हा नमस्कार रामास होता. साळुंके यांच्या आयुष्यात त्यामुळे विशेष पालट झाला नाही. पुढे ते छायालेखनाकडेही वळले.

मोहिनी भस्मासुर (१९१३) या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमला (पुढे कमलाबाई गोखले) यांनी अनुक्रमे पार्वती व मोहिनी यांच्या भूमिका केल्या आणि चित्रपटातील देवीचे रूप स्त्रीच्या वाट्यास आले. कालियामर्दन (१९१९) या चित्रपटात बाळकृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केली. या चित्रपटाचा आरंभ अभ्यसनीय आहे. कथेस सुरुवात होण्यापूर्वी मंदाकिनीचा चेहरा समोर येतो, तिच्या मुद्रेवरील निरनिराळे भाव दाखविले जातात आणि त्यानंतरच ती कृष्णाच्या वेशात अवतरते. आधी माणूस व मग सोंग हा बहुरूप्याचा क्रम फाळके यांनी येथे पडद्यावर आणला. पुढील काळातील चित्रपटांत तो क्वचितच आढळतो.

प्रतिनायक : देवाच्या भूमिकेत नटास फारसे स्वातंत्र्य नसते, मुद्रा प्रसन्न आणि हालचाल संथ ठेवावी लागते. प्रतिनायकाचे तसे नाही. त्याचा क्रोध, वासना व मत्सर दाखविण्यास अभिनयाची सर्व साधने उपयोगी पडतात. शिवाय प्रतिनायकाच्या मुखवट्याआड समकालीन शत्रूही दाखविता येतो. कृ. प्र. खाडिलकर यांच्या कीचकवध (१९०७) या नाटकातील कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झनला ओळखले आणि १९१० मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. हेच कथानक घेऊन बाबूराव पेंटर यांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे सैरंध्री (१९२०) हा मूकपट काढला. त्यात बाळासाहेब यादव भीम आणि झुंझारराव पवार कीचक होते. कीचकाच्या वधाचे दृश्य इतके खरे वाटले, की प्रेक्षक भयभीत झाले व ते दृश्य काढून टाकणे भाग पडले.

प्रभात फिल्म कंपनीच्या अमृतमंथन (१९३४) या चित्रपटातील क्रूर राजगुरूची भूमिका मराठी आवृत्तीत केशवराव दाते यांनी आणि हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन यांनी केली. राजगुरूच्या डोळ्याचे पडदा व्यापणारे दर्शन हा त्या चित्रपटाचा सर्वांत स्मरणीय भाग ठरला. पुण्यशील पात्रांच्या मानाने अशा पात्रांचे नट अधिक ध्यानात राहतात, याचे हे लवकरचे उदाहरण होय.

बोलपट आणि भूमिकेची पकड : बोलपटाच्या काळात भूमिका आणि नट यांतील अंतर कमी होत गेले. संत तुकाराम (१९३६) या चित्रपटातील विष्णुपंत पागनीस हे पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. तुकारामांच्या भूमिकेनंतर मात्र लोक त्यांना संत मानू लागले. पुढे तुलसीदास (१९३९) व नरसी भगत (१९४०) अशा संतांच्याच भूमिका त्यांच्याकडे आल्या. त्यांचा स्वतःचा चेहरा संतचित्राचा चेहरा होऊन बसला.

शाहू मोडक यांचे उदाहरण याहून उद्‌बोधक आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात १९१८ साली जन्मलेल्या मोडकांनी श्यामसुंदर (१९३२) या चित्रपटात कृष्णाची भूमिका केली. पुढे कृष्ण ही त्यांची ओळखच झाली. संत ज्ञानेश्वर (१९४०) मध्ये ते ज्ञानेश्वर झाले. माणूस (१९३९) मधील गणपत हवालदार या सर्वस्वी मानवी भूमिकेतही त्यांनी उत्तम यश मिळविले. नटाचा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांच्या कृष्णासमोर हात जोडणाऱ्या प्रेक्षकांना पडला नाही. सोंगाची कसोटी ते वठण्यात आहे, सोंगाड्याच्या जन्मात नाही, ही लोकपरंपरेची धारणा येथे चित्रपटातही टिकून राहिली, हे या इतिहासातील एक मोलाचे संचित मानावे लागेल.

मारधाडपट : पौराणिक चित्रपटांच्या जोडीने मुंबईत साहसपटांचा प्रवाह वाढला. मास्टर विठ्ठल हे मूकपटांतील साहसी नायक म्हणून गाजले. पहिला भारतीय बोलपट आलम आरा (१९३१) याचेही ते नायक होते. वाडिया मूव्हिटोनच्या हंटरवाली (१९३५) या चित्रपटात नादिया यांनी मुखवटा धारण करून अन्यायाचा प्रतिकार करणारी नायिका रंगविली. अमेरिकेत सुपरमॅनची चित्रकथा प्रसिद्ध होऊ लागली ती १९३८ साली, म्हणजे त्यानंतर तीन वर्षांनी. तुफानी टारझन (१९३७) मध्ये जॉन कावस यांनी पाश्चात्त्य कथानायकास देशी रूप दिले. जयराज हे रिटर्न ऑफ मिस्टर सुपरमॅन (१९६०) या चित्रपटाचे नायक होते. त्यांचा जन्म निझामाच्या राज्यातील करीमनगर येथील. नांदेड व लातूर हा प्रदेशही १९४८ पर्यंत त्याच राज्यात मोडत होता.

चित्रकथांचा प्रभाव : मुंबईतून १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समुळे वेताळ हा मुखवटाधारी नायक मराठी मुलांच्याही परिचयाचा झाला. अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्रकथा ही माला सुरू केली आणि राम वाईरकर, प्रताप मुळीक इ. चित्रकारांनी पुराणपुरुषांना चित्रकथेच्या चौकटीत बसविले. रविवर्मांच्या चित्रांनी आजोबांच्या पिढीसाठी जे केले, ते या पुस्तकांनी नातवंडांसाठी केले. मुळीक यांनीच पुढे नागराज हा महाबली नायक रेखाटला. १९८० नंतरच्या दशकात निघालेल्या सुप्रीमो या चित्रकथेसाठी त्यांनी अमिताभ बच्चन यांचे चित्र महाबली नायक म्हणून काढले. चित्रातून नट हा नेहमीचा क्रम येथे उलटला आणि नटातून चित्र निर्माण झाले.

दूरचित्रवाणी : रामायण (१९८७-८८) आणि महाभारत (१९८८-९०) या मालिकांनी पौराणिक भूमिका पुन्हा घरोघर नेल्या. अरुण गोविल यांचा राम व नितीश भारद्वाज या मराठी नटाचा कृष्ण यांस अपार लोकप्रियता लाभली. दीपिका चिखलिया (सीता) आणि अरविंद त्रिवेदी (रावण) हे १९९१ मध्ये, तर भारद्वाज १९९६ मध्ये लोकसभेवर निवडून आले. गोविल यांना तसे यश २०२४ मध्ये मिळाले. यांत रावणाचा नटही आहे. मतदाराने केवळ देवत्वास मत दिले, असे म्हणूनच म्हणता येत नाही. परिचित चेहऱ्याचे बळ देव आणि दानव या दोघांसही सारखेच लाभते, एवढे मात्र निश्चित दिसते.

पुराण आणि चित्रकथा यांतील नातेही या मालिकांच्या नटांवरून स्पष्ट होते. हिंदी सुपरमॅन (१९८७) चे नायक पुनीत इस्सर महाभारतात दुर्योधन झाले. भीष्मांची भूमिका करणारे मुकेश खन्ना शक्तिमान (१९९७-२००५) या मालिकेत महाबली नायक बनले आणि द्रोणाचार्य झालेले सुरेंद्र पाल हे त्याच मालिकेत तमराज किल्विष हा प्रतिनायक झाले. भारदस्त आवाज, धिप्पाड देह आणि ठाशीव उच्चार ही पौराणिक अभिनयाची सामग्री येथे तशीच उपयोगी पडली.

पाश्चात्त्य चित्रपटांशी तुलना : अमेरिकेतही नटांचे अनुभव फारसे निराळे नाहीत. सुपरमॅन (१९७८) व त्यानंतरचे तीन चित्रपट यांतील नायक ख्रिस्तोफर रीव्ह हे १९९५ मध्ये घोड्यावरून पडून पंगू झाले. पुढे त्यांनी मज्जारज्जूच्या दुखापतींवरील संशोधनासाठी कार्य केले. तरी लोकांच्या दृष्टीने ते अखेरपर्यंत सुपरमॅनच राहिले. बॅटमॅन (१९४३) या युद्धकालीन चित्रमालिकेत डॉ. डाका हा जपानी प्रतिनायक जे. कॅरोल नॅश या अमेरिकन नटाने रंगविला. कीचकात कर्झन पाहण्याचाच हा प्रकार. मात्र कीचकवधात पराधीन प्रजेने राज्यकर्त्यास दानव ठरविले, तर येथे एका बलाढ्य राष्ट्राने एका वंशास. जोकर या प्रतिनायकाच्या भूमिकेने दोन नटांना ऑस्कर पारितोषिक मिळवून दिले : द डार्क नाइट (२००८) साठी हीथ लेजर यांना मरणोत्तर आणि जोकर (२०१९) साठी वाकीन फिनिक्स यांना. बॅटमॅन झालेल्या कोणत्याही नटास त्या भूमिकेसाठी हा मान मिळालेला नाही.

अलीकडील मराठी चित्रपट : चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांच्या, सकाळ दैनिकात १९९१ पासून येऊ लागलेल्या चिंटू या चित्रमालिकेवर २०१२ मध्ये चित्रपट निघाला. त्यातील नायक अतिमानवी नसला, तरी रोज सकाळी चित्रात भेटणारा मुलगा सजीव करण्याचे अवघड काम बालनट शुभंकर अत्रे याने केले. बाजी (२०१५) मध्ये श्रेयस तळपदे यांनी मुखवटाधारी नायकाची, तर जितेंद्र जोशी यांनी प्रतिनायकाची भूमिका केली. लातूर येथे जन्मलेले रितेश देशमुख विनोदी भूमिकांसाठी ख्यात असताना एक व्हिलन (२०१४) या हिंदी चित्रपटातील खुनी प्रतिनायकाच्या भूमिकेने त्यांच्या अभिनयाची दुसरी बाजू प्रकाशात आली. तो प्रतिनायक महाबली नव्हे. परंतु प्रतिनायकाची भूमिका नटास ठरीव प्रतिमेतून सोडविते, याचे ते ताजे उदाहरण होय.

समारोप : अतिमानवी नायकाची भूमिका नटास कीर्ती देते आणि तिच्या मोबदल्यात त्याचा चेहरा मागते. प्रतिनायकाची भूमिका लोकांचा राग ओढवून घेते, पण नटाचे कौशल्य त्याच्याजवळ राहू देते. संगणकनिर्मित दृश्ये व संपूर्ण देह झाकणारे वेश यांमुळे अलीकडे नायकाच्या भूमिकेत नटाचा वाटा आणखी कमी झाला आहे. धोक्याची कामे करणारे साहाय्यक नट आणि भाषांतरित आवृत्त्यांना आवाज देणारे कलावंत यांची नावे तर प्रेक्षकास सहसा ठाऊकही नसतात. गावच्या पारावरील बहुरूप्याचे तसे नव्हते. त्याचा मारुती गावाने मनोभावे पाहिला आणि त्याचे नावही लक्षात ठेवले. कालियामर्दन चित्रपटाच्या आरंभी फाळके यांनी आपल्या मुलीचा चेहरा आधी दाखविला, तो याच न्यायाने. कालियामर्दनचा बराचसा भाग आज उपलब्ध आहे. त्यामुळे शंभराहून अधिक वर्षांनंतरही त्या चित्रपटात कृष्णाआधी मंदाकिनी दिसते.