हरकत: हलण्यापासून अडण्यापर्यंत

गाण्याच्या शिकवणीत गुरुजी एका जागी थांबले आणि म्हणाले, "पंचमावरून असं सरळ उतरायचं नाही. इथे छोटीशी हरकत घे." त्याच दुपारी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एका खाणीच्या जनसुनावणीची जाहीर सूचना दिसली. हरकती व सूचना 30 दिवसांत लेखी कळवाव्यात, असं तिच्यात होतं. शब्द एकच, क्रियापदही एकच. दोन्हीकडे हरकत 'घ्यायची'. पण गाण्यातली हरकत म्हणजे सुरांची चपळ हालचाल आणि सूचनेतली हरकत म्हणजे अडवणूक. हलणं आणि अडवणं एका शब्दात कसं नांदतं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला.

अशी जनसुनावणी पर्यावरणाच्या नियमांमुळे होते; त्यांचा इतिहास इथे दोन ओळींत पुरे. प्रकल्पाचा पर्यावरणावर होणारा परिणाम आधी तपासायला लावणारा पहिला राष्ट्रीय कायदा 1 जानेवारी 1970 ला अमेरिकेत झाला. आपल्याकडे 27 जानेवारी 1994 ची अधिसूचना निघाली, 1997 मध्ये जनसुनावणी सक्तीची झाली आणि 14 सप्टेंबर 2006 ला आजची चौकट आली. त्यातले बरेच शब्द कचेरीत घडवलेले आहेत. 'इम्पॅक्ट'ला हिंदी राजपत्राने 'समाघात' म्हटलं, मराठीत कधी आघात, कधी परिणाम, कधी प्रभाव. 'हरकत' मात्र कुणाला घडवावी लागली नाही. ती तलाठ्याच्या चावडीवरून आयतीच आली. सातबाऱ्याच्या फेरफारावर हरकत, विकास आराखड्यावर हरकत, महापालिकेने तोडायच्या झाडाच्या बुंध्यावर डकवलेल्या कागदावरही हरकत.

शब्द अरबी आहे. मूळ धातू ह-र-क, म्हणजे हलणे, आणि हरकत म्हणजे हालचाल. त्या जनसुनावणीला मी गेलो, तेव्हा मांडवात शेजारी एक वृद्ध कोकणी मुसलमान गृहस्थ बसले होते. त्यांना मी या शब्दाबद्दल सहज विचारलं. त्यांनी माझ्याच वहीच्या कोपऱ्यात एक अरबी अक्षर काढलं, त्याच्यावर एक तिरकी रेघ दिली आणि म्हणाले, "ही रेघ म्हणजे हरकत. ही लागली की अक्षराला आवाज फुटतो. हरकती तीन: जबर, जेर, पेश. आणि अक्षर अडलं, पुढे स्वरच नसला, तर वर जे चिन्ह देतात त्याचं नाव सुकून." सुकून म्हणजे स्तब्धता. अरबी व्याकरणात स्वरचिन्हांना हरकत म्हणतात, कारण व्यंजनाला ती हलवतात. गाण्यातली हरकत या मूळ अर्थाला धरून राहिली. हिंदीत ती वाकडी कृती झाली, खोडी झाली. मराठीत अडथळा झाली, आणि तेही जुनंच. एकोणिसाव्या शतकातल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही हा अर्थ आहे.

यावर एक पर्यायी उपपत्ती मांडता येते, आणि ती दुबळी नाही. उर्दू-हिंदीत 'कोई हर्ज नहीं' म्हणतात, आपण 'काही हरकत नाही' म्हणतो. दोन्ही वाक्यं अगदी एका साच्यातली. तेव्हा हर्जचा 'अडचण' हा अर्थ आवाजातल्या साधर्म्यामुळे हरकतीवर चढला असावा, असं कुणी म्हणेल. मला हे पटत नाही. हिंदीत दोन्ही शब्द शेजारी-शेजारी वावरले, तरी तिथे हरकतीला हर्जचा रंग लागला नाही. शिवाय आपल्यासारखाच 'हरकत नथी' हा प्रयोग गुजरातीत आहे. म्हणजे हा बदल पश्चिमेकडच्या दफ्तरांत झालेला दिसतो. 'काही हरकत नाही' हे बोलण्यातलं वाक्य पक्कं होताना हर्जचा हात लागला असेल, एवढं मी मान्य करतो.

माझा तर्क असा. सनदा आणि आज्ञापत्रं यांच्या भाषेचा कणाच निषेधाचा: उपद्रव न देणे, हरकत न करणे. इनाम मिळालेल्या माणसाच्या शेतात इतरांनी 'हालचाल करू नये', असं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं गेलं. शब्द सतत 'न'च्या संगतीत राहिला. जी गोष्ट करायची नाही ती वाईटच असणार, असं वाचणाऱ्याने धरलं आणि हालचालीचा अडथळा झाला.

याला पुरावा म्हणून मी हरकतीची भावंडं पुढे करतो. 'तक्रार' हाही अरबी शब्द, मूळ अर्थ पुनरावृत्ती. रयतेने तेच पुन्हा सांगितलं की हिंदीत ते भांडण होतं, मराठीत गाऱ्हाणं. 'दखल' म्हणजे प्रवेश. हिंदीत तो झाला हस्तक्षेप, आणि मराठीत सरकारने 'घ्यायची' नोंद. हलणं, पुन्हा बोलणं, आत येणं: तिन्ही साध्या क्रिया, आणि तिन्हींना दफ्तराच्या बाजूने पाहिल्यावरचे अर्थ चिकटले. एकाच शब्दाचं असं झालं असतं तर मी योगायोग म्हटलं असतं. आणि हा तर्क खरा असेल, तर ग्रामपंचायतीचा 'ना हरकत दाखला' शब्दशः 'न हलल्याचा दाखला' ठरतो. त्या अक्षरावरच्या सुकूनसारखा.

त्या मांडवात व्हिडिओ कॅमेरा तिकाटण्यावर उभा होता, कारण कामकाजाचं चित्रीकरण नियमानेच करायचं असतं. रांगेत एक आजी होत्या. ध्वनिक्षेपक त्यांच्या उंचीला खाली ओढावा लागला. त्या म्हणाल्या, "मी हरकत घेणंय नाय, इचारतंय. आमचो व्हाळ खंय जातलो?" पुढे उत्तर आलं, त्यात व्हाळाचं नाव नव्हतं.

शेवटी इतिवृत्ताचा सारांश लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी त्यावर त्याच दिवशी सही करतात. वाचन सुरू झालं. आजींचं नाव आलं, आणि नावापुढे: नैसर्गिक प्रवाहाबाबत हरकत घेतली. आजी खुर्चीतून अर्ध्या उठल्या, पदर सावरला आणि मोठ्याने म्हणाल्या, "हरकत नाय हो, प्रश्न!" वाचणारे थांबले, पेन काढून त्यांनी तो शब्द खोडला, वर 'प्रश्न' लिहिलं, आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.