दहा मिनिटांतला माणूस : लघुपटाच्या पटकथेत पात्र कसे उभे राहते?

लंडनहून चित्रपटाचे तंत्र शिकून १९१२ मध्ये परतलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हाती घेण्यापूर्वी एक चिमुकला चित्रपट तयार केला होता. कुंडीत वाटाण्याचे बी पेरायचे, कॅमेरा एका जागी रोवायचा आणि महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण करीत राहायचे, एवढाच तो खटाटोप. पडद्यावर मात्र बी अंकुरले, रोप झाले, वेल वर चढला आणि हे सारे काही क्षणांत घडले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगामुळे फाळके यांना पहिल्या मोठ्या चित्रपटासाठी भांडवल मिळण्याची वाट मोकळी झाली. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेल्या आणि १९१३ नंतर नाशिकला आपली चित्रसंस्था आणणाऱ्या या माणसाच्या कामाचा आरंभच एका ‘लघुपटा’ने व्हावा, ही नाशिक जिल्ह्यातील होतकरू चित्रकर्मींनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

आज वणीसारख्या गावातील महाविद्यालयीन तरुणाच्या खिशातील भ्रमणध्वनीवर फाळके यांना स्वप्नातही दिसला नसता असा कॅमेरा आहे. संकलनही त्याच यंत्रावर होते. त्यामुळे लघुपटांना तोटा नाही. ग्रामीण भागातून स्पर्धांकडे जाणाऱ्या या लघुपटांतील चित्रण पुष्कळदा चांगले असते. उणीव असते ती पटकथेत, आणि पटकथेतही विशेषतः पात्रांत. व्यसनमुक्तीच्या लघुपटातला बाप व्यसनी असतो, त्यापलीकडे तो कोणीच नसतो. कर्जबाजारी शेतकरी पहिल्या दृश्यात आभाळाकडे पाहतो आणि शेवटच्या दृश्यात झाडाकडे. ज्या माणसांविषयी कळवळा दाखवायचा, त्यांनाच आपण संदेशाचे फलक करून टाकतो. वास्तविक नाशिकहून दिंडोरीमार्गे सुमारे ४० किलोमीटरवर, सप्तशृंगीच्या वाटेवर असलेल्या या गावात बसस्थानकावर अर्धा तास थांबले तरी पडद्यावर न आलेली दहा माणसे दिसतील.

वाटाण्याला वाढताना काही ठरवावे लागत नाही. माणसाला पदोपदी ठरवावे लागते. लघुपटातील पात्राचा सगळा विचार या फरकापासून सुरू करावा. अडीच तासांच्या चित्रपटात नायकाचे बालपण, प्रेम, पराभव, उत्कर्ष असा प्रवास दाखवता येतो. दहा मिनिटांत तो दाखवू गेले की प्रत्येक टप्पा सूचना होऊन बसतो. लघुपटाला एकच वळण पेलते. म्हणून पटकथाकाराने पात्राच्या आयुष्यातील असा एक प्रसंग निवडावा, ज्यात त्याला दोन गोष्टींपैकी एक सोडावीच लागेल. तो काय सोडतो यावरून प्रेक्षकाला त्याचे आधीचे आणि नंतरचे आयुष्य आपोआप कळते.

एक काल्पनिक उदाहरण

दिंडोरी तालुका द्राक्षांचा. छाटणी, विरळणी आणि काढणी या कामांसाठी सुरगाणा, पेठ या भागांतील आदिवासी मजुरांच्या टोळ्या इकडे येतात. अनेकांनी आधीच उचल घेतलेली असते. काढणीचा हंगाम ऐन भरात असतानाच होळी येते आणि होळीला पाड्यावर जायचेच, ही या मजुरांची रीत. दुसरीकडे माल नेणारा व्यापारी सगळे पैसे रोख देईलच असे नाही. पैसे बुडवून व्यापारी पसार झाल्याच्या तक्रारी नाशिक जिल्ह्यात द्राक्ष उत्पादकांना नव्या नाहीत.

आता आपले कल्पित पात्र घेऊ. दगूनाना, वय ५५, दोन एकर बाग. होळीच्या आदल्या दिवशी व्यापाऱ्याने ठरल्यापेक्षा निम्मीच रक्कम हातावर ठेवली आहे. सोनीबाईची टोळी मजुरीसाठी ओट्याशी उभी आहे, सुरगाण्याकडची शेवटची जीप तासाभराने सुटणार आहे. आणि आज सोसायटीचे कर्ज भरले नाही तर पुढच्या हंगामाचे कर्ज अडणार आहे. एकाच नोटांच्या पुडक्याला दोन धनी आहेत.

यात पटकथेला लागणारे बहुतेक साहित्य आले. नानांची इच्छा स्पष्ट आहे : कर्ज भरायचे. त्यांना खरी गरज कशाची आहे, ते त्यांचे त्यांनाही ठाऊक नसेल. कदाचित आपण शब्दाचे पक्के आहोत ही स्वतःविषयीची समजूत टिकवण्याची. इच्छा आणि गरज यांत ओढाताण असली की पात्र जिवंत होऊ लागते. दोन्ही एकाच दिशेला असतील तर नाना केवळ पैसे शोधत फिरतील आणि तो लघुपट हिशेबाचा होईल. जीप सुटण्याची वेळ हा काळाचा दाब. तो नसेल तर नाना ‘उद्या बघू’ म्हणून मोकळे होतील, आणि खऱ्या आयुष्यात आपण सारे तेच करतो. पटकथेने ती पळवाट बंद करायची असते.

पुढची पायरी पूर्वायुष्याची. नवा लेखक येथे हमखास एखादे पात्र आणून त्याच्या तोंडून सांगतो, ‘नाना, मागच्या वर्षीही तुम्ही या लोकांचे पैसे थकवले होते!’ हे टाळावे. मजुरांच्या हजेरीची वही दाखवावी. नाना पान उलटतात. मागच्या हंगामाच्या पानावर सगळ्या नावांवर काट मारलेली आहे, एका नावावर नाही. नाना ते पान अंगठ्याखाली झाकतात. संवादाचा एक शब्दही न खर्चता मागचे वर्ष दृश्यात आले. अशी एखादी वस्तू शोधणे हे पात्ररचनेतील निम्मे काम आहे, आणि ती वस्तू त्या धंद्यातलीच असावी. कात्री, कॅरेट, हजेरीची वही, व्यापाऱ्याने कोऱ्या कागदावर लिहून दिलेली चिठ्ठी यांतून जे बोलेल ते ‘आईचा जुना फोटो’ या नेहमीच्या वस्तूतून बोलणार नाही.

पात्राचे चरित्र लेखकाने स्वतःसाठी पानभर अवश्य लिहावे. नाना किती शिकले, बाग कोणी लावली, भावाशी वाटणीत काय झाले, हे सारे लिहावे आणि मग ते पान बाजूला ठेवावे. त्यातील दोन-तीन गोष्टी कृतीतून पडद्यावर पोचल्या तरी पुरे.

पटकथेची भाषा ही कथेच्या भाषेहून वेगळी, हे साहित्याची आवड असलेल्यांना पचायला जड जाते. ‘नानांच्या मनात अपराधभाव दाटून आला’ हे वाक्य कथेत शोभेल. कॅमेऱ्यापुढे त्याचे काय करायचे? ‘नाना पुडके मोजतात. पुन्हा मोजतात. सोनीबाईकडे न पाहता विचारतात, चहा झाला का?’ हे चित्रित होते. पटकथा वर्तमानकाळात लिहावी आणि जे दिसते व ऐकू येते तेवढेच लिहावे. एका पानाला सुमारे एक मिनिट हा ढोबळ हिशेब धरला तर दहा मिनिटांसाठी दहा पाने होतात. त्यातली तीन पाने गाव, सूर्योदय आणि मंदिराचा कळस यांवर गेली तर नानांना बिचाऱ्यांना सातच उरतात. गोष्टीत शक्य तितक्या उशिरा शिरावे. व्यापारी निघून गेला आहे, पैसे हातात आहेत, टोळी समोर आहे. लघुपट येथेच सुरू व्हावा.

संवादांविषयी एक स्वतंत्र तक्रार आहे. ‘ग्रामीण’ म्हणून जी एक ठोकळेबाज बोली नाटक-मालिकांतून रूढ झाली आहे, ती ना दिंडोरीची आहे ना सुरगाण्याची. नानांची बोली वेगळी, सोनीबाई आपल्या माणसांशी बोलते ती कोकणी वेगळी, आणि ती नानांशी बोलताना वापरते ती तिसरीच. ती कोणत्या क्षणी कोणत्या बोलीकडे वळते, यातून तिच्या मनाचा ठाव लागतो. नाना ऐकत असताना ती टोळीतल्या मुलीला आपल्या बोलीत दोन शब्द सांगते आणि नानांना ते कळत नाहीत. या एका क्षणात दोघांमधले अंतर मोजून होते.

सोनीबाईला काय हवे?

या उदाहरणातील सर्वांत मोठा धोका नानांचा नसून सोनीबाईचा आहे. लेखकाची सहानुभूती तिच्याकडे असते, म्हणूनच तो तिला हात जोडून उभी करतो आणि विसरतो. दुय्यम पात्र हे मुख्य पात्राच्या सद्गुणांची कसोटी घेणारे यंत्र ठरू नये. सोनीबाईलाही निवड असली पाहिजे. ती टोळीची प्रमुख आहे. नानांनी अर्धी मजुरी दिली तर ती कोणाला द्यायची हे तिला ठरवावे लागेल. पुढल्या हंगामात दुसऱ्या बागाईतदाराकडे जाण्याची बोलणी तिने आधीच केलेली असू शकते. ती विनवणी न करता नुसती ओट्यावर बसून राहिली, तर नानांवरचा दाब दुपटीने वाढतो. पात्रांना एकमेकांसमोर अशी ताकद दिली की दृश्य लिहिणे सोपे जाते.

मराठीतील चांगले लघुपट याच वाटेने गेलेले दिसतात. क्रांती कानडे यांचा ‘चैत्र’ जी. ए. कुलकर्णी यांच्या कथेवरचा. उमेश कुलकर्णी यांनी पुण्याच्या चित्रपटसंस्थेत असताना केलेल्या ‘गिरणी’त एका मुलाच्या घरात पिठाची गिरणी येते. सुरुवातीला तो हरखतो. मग तीच गिरणी त्याचे घर आणि त्याचे दिवस व्यापून टाकते. येथे खलनायक कोणी नाही. आईला गिरणी हवी आहे, कारण तिच्यावर पोट आहे. मुलाला ती नको आहे, आणि दोघांचेही बरोबर आहे. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ शाळेची ओढ असलेल्या पारधी मुलाचा. त्यांच्याच ‘पावसाचा निबंध’मध्ये शाळेने मुलाला पावसावर निबंध लिहायला सांगितला आहे, आणि त्याच्या घरात, दारू प्यालेल्या बापावर, सगळीकडे तो पाऊस कोसळतो आहे. या लघुपटासाठी मंजुळे यांना ६५ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य विभागात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा सन्मान मिळाला. निबंध लिहायचा आहे, ही इच्छा किती लहान आहे ते पाहावे. लघुपटातील पात्राची इच्छा लहान आणि ठोस असावी. मोठेपण तिच्या आड येणाऱ्या गोष्टींतून येते.

संवादांवाचून पात्र उभे राहते का, अशी शंका असेल त्यांनी सत्यजित राय यांचा १९६४ मधील ‘टू’ पाहावा. एक श्रीमंत मुलगा खिडकीत, एक गरीब मुलगा बाहेर, आणि दोघांची खेळण्यांची चढाओढ, संवाद नाहीत. आल्बेर लामोरिस यांचा ‘द रेड बलून’ हा १९५६ मधील फ्रेंच लघुपटही जवळजवळ निःशब्द. तरीही त्याला सर्वोत्कृष्ट मूळ पटकथेचे ऑस्कर मिळाले. पटकथा म्हणजे संवादांची वही, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

बदल केवढा?

‘पात्राचा विकास’ या शब्दप्रयोगामुळे एक गैरसमज होतो : शेवटी पात्र सुधारले पाहिजे. दगूनानांच्या गोष्टीचे तीन शेवट कल्पून पाहू. पहिल्यात ते सारे पैसे टोळीला देतात. दुसऱ्यात ते कर्ज भरायला निघतात आणि टोळीला होळीनंतरचा वायदा देतात. तिसऱ्यात ते अर्धी मजुरी देतात आणि वहीतील मागच्या वर्षीच्या त्या उरलेल्या नावावर काट मारतात. जुने देणे फेडले, नवे तयार झाले. पहिला शेवट टाळ्यांचा आहे. दुसरा प्रामाणिक आहे, पण त्यात नाना जिथे होते तिथेच राहतात. अर्थात न बदलणे हाही पात्राचा निर्णय असू शकतो, मात्र बदलण्याची संधी त्याच्या हातातून जाताना प्रेक्षकाला दिसली पाहिजे. माझी पसंती तिसऱ्याला आहे. त्यात नाना तसूभरच हलतात आणि त्या तसूभराची किंमत सोनीबाईला मोजावी लागते, हेही दिसते. कोणता शेवट निवडावा हे लेखकाच्या स्वभावावर आहे. शेवट बदलला की आधीच्या दृश्यांतील नाना बदलतात, म्हणून शेवट ठरल्याखेरीज संवाद लिहायला बसू नये.

मसुदा झाल्यावर दोन परीक्षा घ्याव्यात. नानांच्या जागी दुसरा कोणताही शेतकरी बसवून पाहावा. गोष्ट तशीच चालली तर पात्र अजून घडलेले नाही. मग सगळे संवाद झाकून केवळ कृती वाचाव्यात. निर्णयाचा क्षण कळत नसेल तर दुरुस्ती संवादांत करण्याऐवजी प्रसंगात करावी.

आणखी एक वाचन आवश्यक आहे, ते मित्रांपुढचे नव्हे. वणी परिसरात बागेवर काम करणारी एखादी टोळी किंवा एखादा जाणता बागाईतदार गाठावा, चित्रणापूर्वी त्यांना पटकथा मोठ्याने वाचून दाखवावी. ते कुठे हसतात, कुठे ‘असं नसतं’ म्हणतात, ते समासात टिपून ठेवावे. उचल कशी फेडली जाते, हजेरी कोण लावते, पैसे कोणाच्या हातात दिले जातात, या बारीक दुरुस्त्या तिथेच मिळतात, आणि त्यांतील एखादी दुरुस्ती शेवटचे दृश्यच बदलून टाकते.