रात्रीची बाई

मुलीच्या बाळंतपणात आमच्याकडे रात्रीसाठी एक मावशी यायच्या. संध्याकाळी आठला दार वाजायचं. हातपाय धुऊन झाले की त्या काचेच्या बांगड्या एकेक करून उतरवायच्या आणि रुमालात बांधून खिडकीत ठेवायच्या. बाळाच्या अंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून. मग दुपटी मोजायची, घड्या करून उशाशी रचायची. सकाळी सातला बांगड्या पुन्हा हातात चढल्या की पाळी संपली. गॅलरीतल्या दोरीवर किती दुपटी वाळताहेत, त्यावरून रात्र कशी गेली ते मला चहा टाकता टाकताच कळायचं.

त्यांना पाठवणाऱ्या ब्युरोच्या पावतीवर त्यांच्या कामाचं नाव होतं ‘नाईट आया’. शेजारच्या राजस्थानी घरात याच कामाला ‘जापावाली’ म्हणतात, कारण त्यांच्याकडे बाळंतपण म्हणजे जापा. आम्ही मावशीच म्हणायचो. पण पावतीवरचा तो ‘आया’ माझ्या डोक्यातून जाईना, आणि त्याच्या मागे लागून मी बरीच लांब गेले.

हा शब्द मराठी कानाला इतका घरचा वाटतो की तो बाहेरचा असेल अशी शंकाही येत नाही. आईचं अनेकवचन आया. आयाबहिणी आपण येता-जाता म्हणतो. दवाखान्यातली, बालवाडीतली आया मात्र त्या घरची नव्हे, ती पोर्तुगीज आहे. पोर्तुगालच्या सरदार-दरकदारांच्या घरी मुलं सांभाळणाऱ्या, त्यांना वळण लावणाऱ्या बाईला ‘आइया’ म्हणत. १५१० साली गोवा आणि १५३४ साली वसई-मुंबई पोर्तुगीजांच्या हाती गेली. पाव, बटाटा, चावी, बिजागरी, घमेलं या शब्दांबरोबर हाही किनाऱ्यावर उतरला. इंग्रज मुंबईत आले ते सव्वाशे वर्षांनंतर; त्यांनी तो आयताच उचलला. ‘पगार’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आला. बाईचं नाव आणि तिचा दाम एकाच गलबतातून आले, हे कळलं त्या दिवशी ती पावती मी पुन्हा काढून पाहिली.

त्याहून मागे गेलं तर पोर्तुगीज शब्दाचं मूळ कोशकार लॅटिनमध्ये दाखवतात. तिथे ‘आविया’ म्हणजे आजी.

आपल्याकडे तरी बाळंतिणीच्या रात्री कोणाच्या होत्या? आजीच्याच. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना खोलीबाहेर पाऊल नाही, आणि बाळ रात्री किंचाळलं की उठायचं आजीने. पण एकटी आजी पुरत नाही, हे फार पूर्वी ओळखलेलं होतं. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, सूतिकागाराचं, म्हणजे बाळंतिणीच्या खोलीचं, बारकाईने वर्णन आहे: आत सतत पेटता ठेवायचा अग्नी, उंबऱ्याशी आडवं ठेवलेलं मुसळ, पसरलेल्या मोहऱ्या. आणि त्यातच सांगितलंय की जाणत्या बायकांनी आणि जिवाभावाच्या माणसांनी दहा किंवा बारा दिवस तिच्यासाठी जागावं. घरात गाणी-वाद्यं असावीत, खाणंपिणं असावं, घर आनंदी माणसांनी भरलेलं असावं. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. औषधांच्या आणि पथ्याच्या बरोबरीने त्या शास्त्राने जागणारी माणसं सांगितली आहेत, आणि तीही एकापेक्षा जास्त.

आपली पाचवी आणि षष्ठी याच जागरणाची. पाटा-वरवंटा पुजायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते. दिवा विझू द्यायचा नाही, आणि कोणीतरी जागं राहायचंच. पाचवी-सहावीच का? माझा अंदाज असा, की या भीतीला कारण होतं. पूर्वी नाळ विळ्याने किंवा हाताला लागेल त्या पात्याने कापत, कुठे कुठे वर राख किंवा शेण लावत. त्यातून धनुर्वाताचे जंतू शिरत. पहिले दोन दिवस छान दूध ओढणारं बाळ मग एकाएकी ओढेनासं होई, जबडा आवळे, अंग ताठ होई. ही लक्षणं बहुधा पहिल्या आठवड्यातच दिसत. दिव्याच्या उजेडात बाळाच्या तोंडाकडे टक लावून बसलेल्या बायकांना जंतू ठाऊक नव्हते. कोणत्या रात्री धोक्याच्या, ते मात्र पक्कं ठाऊक होतं. पुढे गरोदरपणातली लस आली, स्वच्छ पातं आलं, आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून हटल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. पाचवी पुजणं अजून आहे, ते जागणं मात्र बहुतेक घरांतून गेलं.

जागणारी घरची नसेल तेव्हा तिला नाव होतं ‘दाई’. हा शब्द फारसीतून आला. फारसी ‘दाया’ आणि संस्कृत ‘धात्री’ या मुळात बहिणी. दोघींच्या मुळाशी दूध पाजणं आहे. म्हणजे ही बाई नुसती जागत नसे, अंगावर पाजतही असे. अशी एक बाई आपल्या इतिहासात नावानिशी उरली. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजे जन्मले. सईबाई आजारी, दूध नाही. तेव्हा कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातून धाराऊ आली. तिचे मुलगे अंतोजी आणि रायाजी संभाजीराजांचे दूधभाऊ झाले. बाळ राजाचं होतं म्हणून धाराऊचं नाव राहिलं. बाकी हजारो जणींची नावं कोणत्याही बखरीत नाहीत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इंग्रज अमदानीतल्या आयांचंही तेच. विलायतेला जाणारी साहेबाची कुटुंबं आयेला बरोबर घेत. मडमेला समुद्र लागला की रात्रंदिवस पोरं तिच्याच अंगावर. लंडनला पोचल्यावर काही घरं तिला परतीचं तिकीटही न देता वाऱ्यावर सोडत. अशा अडकलेल्या बायकांसाठी तिथे ‘आयाज होम’ होतं. १९०० साली ते हॅकनीतल्या किंग एडवर्ड्स रोडवर गेलं. २०२२ मध्ये त्या घरावर, तिथे ऐतिहासिक वास्तूंना लावतात ती, निळी पाटी लागली. पाटीवर नाव घराचं आहे.

आज पुण्या-मुंबईत ही बाई पुन्हा का लागते, ते सांगायला नको. माहेर दुसऱ्या शहरात, सिझेरियनचे टाके, आजी स्वतः नोकरीत किंवा माझ्यासारखी गुडघ्यांनी बसलेली. अमेरिकेतल्या लेकी-सुनांच्या बाळंतपणाला सहा महिने जाऊन राहणाऱ्या आज्या आहेत, पण सगळ्यांना ते जमत नाही. आणि बाळाला याचं काहीच देणंघेणं नसतं. पहिले दोन-तीन महिने त्याला दिवस-रात्र कळत नाही. दर दोन-तीन तासांनी भूक, मग ढेकर, मग दुपटं, आणि डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा तेच. मावशी बाळाला खांद्यावर टाकून तळहाताने पाठीवर हलकेच खालून वर थोपटत. ढेकर आली की पाळण्यात घालायची घाई नाही; मान खांद्यावर पूर्ण सैल पडेपर्यंत उभ्याच. मुलीला दूध पाजायला उठवायच्या, आणि पाजून झालं की लगेच झोपायला लावायच्या. चौथ्या रात्रीनंतर माझी मुलगी माणसात आली.

तिला कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती १२ आठवड्यांवरून वाढली. मावशींसाठी महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. पण त्यांचे रात्रीचे तास ब्युरो आणि आमच्यासारखी घरं ठरवतात. आम्ही अकरा तास ठरवले होते. त्यांना दिवसा झोप मिळते का, हे मी तिसऱ्या आठवड्यात विचारलं. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

“मिळते की, दुपारी दोन तास,” त्या म्हणाल्या. “पाणी येतं तेवढ्यात उठावं लागतं.”

सव्वा महिना झाला तेव्हा आम्ही त्यांना आणखी महिनाभर राहण्याची गळ घातली, पगार वाढवून देऊ म्हटलं. त्या खिडकीपाशी रुमाल सोडत होत्या.

“नाही जमणार ताई. लेकीचे दिवस भरलेत माझ्या. आता सव्वा महिना कुठलंच काम घेणार नाही.”

बांगड्या हातात चढवल्या, बाळाच्या कपाळाला एकदा तीट लावली आणि त्या सातच्या बसला गेल्या.