मार्जार-मधुमेह
मांजरांमध्ये प्रौढ वयात, बहुधा लठ्ठपणामुळे इन्सुलिनचा प्रभाव मंदावून जडणारा विकार. उपचारातील इन्सुलिनची मात्रा वाढवूनही रक्तशर्करा उतरत नसल्यास अ‍ॅक्रोमेगलीचा, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतील गाठीतून वृद्धिसंप्रेरक अतिरिक्त स्रवण्याचा, संशय घेतात. जोडीला मूत्रपिंडे निकामी होत असल्यास इन्सुलिन शरीरात अधिक काळ टिकते व साखर अकस्मात कोसळू शकते. शिवाय तहान व लघवी दोन्ही विकारांत वाढत असल्याने पाण्याच्या वाडग्यावरून नियंत्रणाचा अंदाज बांधणे व्यर्थ ठरते. आहारातही ओढाताण असते : मधुमेहाला भात वर्ज्य, तर सुके बोंबील मीठ व फॉस्फरसामुळे मूत्रपिंडांना जड.

मुंबईत बोरिवली किंवा मुलुंडहून परळच्या पशुरुग्णालयापर्यंतच्या प्रवासात मांजर बिथरते आणि केवळ भीतीने साखर चढते. म्हणून घरीच कानाच्या कडेला टोचून ग्लुकोमीटरवर घेतलेली नोंद अधिक विश्वसनीय असते. ग्लार्जिन या दीर्घप्रभावी इन्सुलिनात सामान्यतः मिलिलिटरमागे 100 एकके असतात. ते औषधदुकानात सहज मिळणाऱ्या लाल टोपणाच्या, 40 एककांच्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत ओढल्यास अडीचपट मात्रा जाते, आणि चारपाच किलोच्या जनावराला ती प्राणघातक ठरू शकते.