धुराची वाट

'घरोघरी मातीच्या चुली' असे आपण सहज म्हणून जातो. या म्हणीत चूल आली, माती आली, पण धूर काही आला नाही. तो स्वयंपाकघरातच राहिला, चुलीपुढे बसणारीच्या डोळ्यांत आणि छातीत. आज या धुराच्या वाटेविषयी, म्हणजे धुराड्याविषयी थोडे बोलायचे आहे. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस, अभियंता नव्हे. पण वणेकाठच्या हिंगणघाटात वाढलेल्या माणसाला धुराड्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

एके काळी आमच्या गावाच्या नावाने ओळखला जाणारा कापूस थेट लिव्हरपूलच्या बाजारात विकला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावातच कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांची उंच धुराडी दुरून दिसू लागली. एकाच कापसाच्या झाडाची ही दोन नशिबे बघा. बोंडातली रुई गिरणीत गेली आणि वाळलेली पऱ्हाटी जळण म्हणून घरच्या चुलीत आली. गिरणीच्या धुराला आकाश मिळाले. पऱ्हाटीच्या धुराला मिळाली कौलांमधली फट.

गिरणीचे धुराडे म्हणजे विटांचा नुसता पोकळ मनोरा नव्हे. अशा धुराड्यांत तळाकडच्या भागाला आतून भट्टीच्या विटांचे वेगळे अस्तर असते आणि अस्तर व बाहेरची भिंत यांच्यामध्ये फट सोडलेली असते. आतल्या विटा तापून फुगल्या तरी बाहेरच्या भिंतीला तडा जात नाही, हा एक फायदा. धूर गरम राहतो, हा दुसरा. आणि धूर गरम राहण्यातच सगळी मेख आहे.

धूर वर जातो तो हलका असतो म्हणून, आणि हलका असतो तो गरम असतो म्हणून. ३० अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा सुमारे १ किलो १६५ ग्रॅम भरते. तीच १५० अंशांवर सुमारे ८३५ ग्रॅम. वजनातल्या या फरकावर धुराड्याची ओढ अवलंबून असते. नळी जितकी उंच, तितकी ओढ जास्त. पण त्याच नळीत धूर ६० अंशांपर्यंत निवला, तर ओढ जेमतेम एक तृतीयांश उरते. शिवाय निवलेल्या धुरातली वाफ आणि डांबर नळीच्या आत चिकटते. मग धूर मागे फिरतो.

दुसरी गोष्ट रुंदीची. अरुंद नळीत धूर कोंडतो. फार रुंद नळीत तो रेंगाळतो आणि निवतो. युरोपात काउंट रम्फर्डने १७९६ साली शेकोटीच्या धुराड्यांवर निबंध लिहिला. त्याच्या मते धुराड्यांचे गळे फाजील रुंद होते. ते अरुंद केल्यावर खोल्यांतला धूर गेला आणि ऊबही वाढली. आज थंड मुलुखांतल्या घरांत जुन्या धुराड्यात पोलादी नळी घालतात, तिला उष्णतारोधक वेष्टण देतात आणि तिचा व्यास शेगडीच्या मापाने ठरवतात. तत्त्व तेच.

आपल्याकडे अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब हे या तत्त्वाचे उलटे उदाहरण. त्याची नळी पाण्याच्या मधोमध असते. तिथे धुरातली उष्णता पाण्याने घ्यावी हाच हेतू असतो. म्हणून पेटवताना बंब हटकून धुमसतो. पण तो अंगणात किंवा न्हाणीघरात असतो, म्हणून चालून जाते. स्वयंपाकघरात ते कसे चालावे?

हा प्रश्न आमच्याच जिल्ह्यात गांभीर्याने हाताळला गेला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, वर्ध्याच्या मगनवाडीत, त्याचे काम सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव. तेल कसे गाळावे, कागद कसा करावा याबरोबरच चुलीचाही विचार तिथे झाला. त्यातून 'मगन चूल' आली. आपल्या जुन्या चुलीलाही वैल असतोच. इथे आच पुढच्या भांड्यांखालून फिरवून उरलेला धूर नळीवाटे छपराबाहेर काढला होता. चूल मातीचीच, पण धुराला प्रथमच हक्काची वाट मिळाली.

पुढे १९८३च्या अखेरीस केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ पर्यंत देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद झाली. त्यांतली एक आमच्या घरी होती. तिची नळी छपराच्या आढ्यापेक्षा खाली होती. वारा सुटला की धूर परत येई आणि अम्मी पदराने डोळे पुसत भाकरी थापत राही. दोन पावसाळ्यांत नळी काजळीने भरली. तीन इंची नळीत चहूबाजूंनी अर्धा इंच काजळी धरली, तर धुराची वाट निम्म्याहूनही कमी उरते, हा हिशेब आम्हांला कोणी सांगितला नव्हता. नळी साफ कशी करायची, तेही नाही. असे अनेक घरांत झाले. चुली मोजल्या गेल्या, धूर मोजला गेला नाही.

१ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेचा गॅस खेड्यांत पोचला. पण सिलिंडर संपला की पुन्हा भरायला पैसे लागतात आणि पऱ्हाटी शेतातच मिळते, म्हणून कित्येक घरांत चूलही पेटते. घरातल्या धुराने जगभरात २०२० साली सुमारे ३२ लाख मृत्यू ओढवले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

म्हणून जिथे चूल आहे, तिथे एवढे तरी व्हावे. नळी आढ्याच्या वर हातभर तरी जावी. पत्र्याची उघडी नळी लवकर निवते; तिच्याभोवती मोठी नळी बसवून मधल्या पोकळीत कोरडी राख ठासावी. राख घरात फुकट मिळते आणि ऊब चांगली धरते. नळीत काजळी साचू देऊ नये, आणि ती काढायचे काम घरातल्या पुरुषाने करावे. गिरणीच्या धुराड्यासाठी माणसाने एवढी अक्कल खर्च केली. तिच्यातली चिमूटभर तरी स्वयंपाकघराच्या वाट्याला यावी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)