आत्महत्या-प्रतिबंध, महाराष्ट्रातील

आत्मघाताच्या विचारापासून व्यक्तीला परावृत्त करण्यासाठी वैद्यक, समाजकार्य, कायदा व लोकसहभाग यांच्या साहाय्याने केलेली संघटित उपाययोजना. महाराष्ट्रात या विषयाच्या अभ्यासाचा प्रारंभ मृतांच्या गणनेने झाला. १८८६ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या मानवशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात बमनजी बेहरामजी पटेल यांनी शहरातील आत्महत्यांची कोष्टके प्रसिद्ध केली. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेम (१८५८–१९१७) याने १८९७ मध्ये आत्महत्येची सामाजिक कारणे विशद केली. भारतात मात्र १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३०९ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा होता. त्यामुळे वाचलेली व्यक्ती रुग्ण न ठरता आरोपी ठरे. साहजिकच कुटुंबीय घटना लपवीत व नोंदी अपुऱ्या राहत.

जिवंत माणसाच्या अडचणींचा शास्त्रशुद्ध विचार करणाऱ्या समाजकार्याच्या शिक्षणाचा पाया भायखळा भागात घातला गेला. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ मध्ये तेथील कष्टकरी वस्तीत ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ हे सेवाकेंद्र काढले. याच वास्तूत १९३६ मध्ये समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले व पुढील वर्षी त्यास बालमार्गदर्शन चिकित्सालयाची जोड मिळाली. हेच विद्यालय १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. १९५४ मध्ये ते देवनार येथे गेले. या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयाला २००५ मध्ये सादर केलेल्या अहवालात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमागील नापिकी, वाढता उत्पादनखर्च व कर्जबाजारीपणा ही कारणे मांडली. २०१२ मध्ये तिने ‘आयकॉल’ ही दूरध्वनी-समुपदेशन सेवा सुरू केली.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांची मदत घेण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सु. दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. उपचार लोकांच्या दाराशी नेल्यास ते स्वीकारले जातात, हे यावरून दिसून आले.

कायद्यातील बदल सावकाश झाला. मुंबई पोलीस दलातील एका मनोरुग्ण शिपायाच्या खटल्यात उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये कलम ३०९ घटनाबाह्य ठरविले. परंतु १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिची काळजी व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी मानली. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ राहिले नाही. मात्र लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न दंडनीय आहे. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा (क्र. १४४१६) ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली.